मित्राला जास्त झाली तर: पहिल्या दहा मिनिटांपासून दुसऱ्या दिवसापर्यंत

"झोपू दे त्याला, सकाळपर्यंत उतरेल." हॉस्टेलवर किंवा चौघांत मिळून घेतलेल्या फ्लॅटवर राहायला आलेल्या प्रत्येकाच्या कानावर हे वाक्य कधी ना कधी पडतं. बहुतेक रात्री ते खरंही ठरतं. अडचण अशी की ज्या रात्री ते खरं नसतं, त्या रात्रीही ते तितक्याच खात्रीने म्हटलं जातं. गाढ झोप आणि बेशुद्धी लांबून सारखीच दिसते. जवळ बसून दोन मिनिटं तपासलं तर फरक कळतो, आणि एवढं तपासायला डॉक्टर असावं लागत नाही.

तुम्ही स्वतः पीत नसाल तर हे जास्तच लक्षपूर्वक वाचा. ग्रुपमधला जो घेत नाही, रात्री दोन वाजता निर्णय त्याच्याच गळ्यात पडतो.

आधी हिशेब: पोटात किती गेलीय?

३० मिलीचा एक पेग, म्हणजे 'स्मॉल', यात साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. यकृत तासाला साधारण तेवढंच निकामी करतं. माणसामाणसात थोडा फरक पडतो, पण कोणाचंही यकृत घाई करत नाही. क्वार्टर म्हणजे १८० मिली, म्हणजे सहा पेग. एक क्वार्टर पूर्ण उतरायला सहा-सात तास लागतात. कॉफी, लिंबू, ताक, आंघोळ यांपैकी कशानेही हा वेळ कमी होत नाही.

बिअरच्या बाबतीत नवखे हमखास फसतात. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बाटली म्हणजे चार पेग. "फक्त दोन बिअर घेतल्या रे" म्हणणाऱ्याच्या पोटात क्वार्टरपेक्षा जास्त दारू असते. गोव्यात मार्च ते मेमध्ये मिळणारा हुर्राक (काजूची दारू) फेणीपेक्षा सौम्य खरा, पण लिमका आणि मिरची घालून तो सरबतासारखा जातो आणि किती ग्लास झाले हे कोणी मोजत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. शेवटचा पेग घशाखाली गेला की रक्तातली दारू लगेच उतरायला लागत नाही. पुढचा अर्धा ते दीड तास ती चढतच असते. एका दमात 'बॉटम्स अप' केलं असेल, रिकाम्या पोटी घेतली असेल, तर आणखी झपाट्याने. त्यामुळे साडेबाराला बडबड करत गादीवर पडलेला मित्र सव्वा वाजता त्याहून वाईट अवस्थेत असू शकतो. पहिला तास-दीड तास कोणीतरी शेजारी बसलंच पाहिजे, ते याचसाठी.

पहिली दहा मिनिटं

एक: ज्याने सगळ्यात कमी घेतलीय किंवा घेतलीच नाही, त्याने सूत्रं हातात घ्यायची. बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं. पाच जण मिळून पाच सल्ले देतात तेव्हा वेळ फुकट जातो. एकाला सोबत ठेवा, उरलेल्यांना दुसऱ्या खोलीत पाठवा. मोबाइल काढून व्हिडिओ घेणाऱ्याला आधी पाठवा.

दोन: जोरात नावाने हाक मारा, खांदे हलवा. "डोळे उघड. माझं नाव सांग. कुठे आहोत आपण?" डोळे उघडून, शिवी देऊन का होईना, उत्तर आलं तर ठीक. नुसतं "हं" आलं आणि मान पुन्हा कलंडली तर ते उत्तर धरू नका. मानेच्या बाजूचा खांद्यावरचा स्नायू चिमटीत धरून जोरात दाबा. त्यालाही हात झटकला नाही, कण्हला नाही, तर ती झोप नाही. थेट १०८.

तीन: श्वास मोजा. शर्टाची वरची बटणं उघडा, पोट-छातीकडे बघत मोबाइलवर एक पूर्ण मिनिट लावा. निरोगी माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास होतात. आठपेक्षा कमी होत असतील, किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांहून मोठी खंड पडत असेल, तर १०८. घोरण्याबद्दल एक सूचना: रोज न घोरणारा मुलगा आज घरघर, गुरगुर असा आवाज काढत असेल तर त्याची जीभ मागे पडलीय किंवा घशात काहीतरी साचलंय. त्यावर हसण्याआधी त्याला कुशीवर वळवा.

चार: रंग आणि अंग. आपल्या सावळ्या कातडीवर निळेपणा पटकन दिसत नाही, म्हणून ओठ खाली ओढून आतली बाजू बघा, हिरड्या बघा, नखं बघा. टॉर्च लावा. निळसर-राखाडी झाक, अंग थंडगार आणि चिकट घामेजलेलं, ही धोक्याची खूण.

पाच: डोक्याला मार लागलाय का ते चाचपा. केसांत हात फिरवा, टेंगूळ, रक्त, कानामागे सूज. दारूच्या वासामुळे डोक्याचा मार हमखास सुटतो. जिन्यावरून पडला, बाथरूममध्ये घसरला, गाडीवरून आपटला असेल आणि आता झोपाळलेला असेल, तर "पिऊन पडलाय" एवढ्यावर थांबू नका. डोळ्यांतली एक बाहुली मोठी आणि एक लहान दिसली, किंवा आधी नीट बोलणारा आता गुंगीत जात असेल, तर दारू किती घेतली हा प्रश्नच बाजूला ठेवा आणि हॉस्पिटल गाठा.

सहा: अजून काय घेतलंय? हे रागावून विचारलं तर उत्तर मिळत नाही. "मी कोणाला सांगणार नाही" असंही म्हणू नका, कारण डॉक्टरांना सांगावं लागणार आहे. "डॉक्टर विचारतील, नीट सांग, त्याचा जीव त्यावर आहे" असं म्हणा. खिसे, टेबल, कचऱ्याची बादली बघा. गोळ्यांची रिकामी स्ट्रिप, खोकल्याच्या औषधाची बाटली, पुडी जे सापडेल ते पिशवीत घालून ठेवा. स्ट्रिप पाहून असं वाटलं की गोळ्या मुद्दाम घेतल्यात, तर तो किती शुद्धीत आहे हे न बघता हॉस्पिटल. तोवर एक क्षणही एकटं सोडायचं नाही.

कुशीवर झोपवणं

दारूने मेलेल्यांपैकी अनेकांचा जीव स्वतःचीच उलटी श्वासनलिकेत जाऊन जातो. नेहमी घशाला काही लागलं की ठसका येतो. खूप प्यायलेल्या माणसात तो ठसकाच मंदावतो. उताणं झोपवलेला माणूस आवाजही न करता गुदमरू शकतो. म्हणून श्वास चालू असलेल्या, पण नीट शुद्धीत नसलेल्या कोणालाही कुशीवरच ठेवायचं.

रीत अशी. त्याच्या एका बाजूला गुडघे टेकून बसा. तुमच्याकडचा त्याचा हात कोपरात काटकोनात वाकवून बाहेरच्या बाजूला ठेवा. पलीकडचा हात छातीवरून आणून त्याचा पालथा पंजा तुमच्याकडच्या गालाखाली धरून ठेवा. दुसऱ्या हाताने त्याचा पलीकडचा गुडघा वर उचलून तळपाय जमिनीला टेकवा आणि तो गुडघा धरून स्वतःकडे ओढा. सत्तर किलोचा माणूसही सहज वळतो. वरचा पाय गुडघ्यात वाकलेला राहू द्या म्हणजे तो पालथा पडणार नाही. हनुवटी किंचित वर, तोंड जमिनीच्या दिशेला, म्हणजे जे येईल ते बाहेर पडेल. पाठीला दप्तराची सॅक किंवा लोड लावा. एकदा रूमवर शुद्धीतल्या मित्रावर हे करून बघा. वाचून जमेल असं वाटतं, पण पहिल्यांदा कुठला हात हेच आठवत नाही.

फरशीवर असेल तर खाली चटई किंवा चादर सरका, वर पांघरूण घाला. दारूने अंगाची उष्णता झपाट्याने निघून जाते. गच्चीवरची थर्टी फर्स्टची पार्टी, डिसेंबरचा पुणे-नाशिकचा गारठा, वर ओला शर्ट: हे एवढं पुरेसं असतं.

यानंतर दर दहा मिनिटांनी हाक, श्वास, रंग. दोघांनी पाळ्या लावा, अलार्म लावा. पहारेकरीच झोपून गेला असं बरेचदा होतं.

हे करू नका

उलटी काढायला घशात बोटं घालू नका. मिठाचं पाणी तर अजिबात नको. आपल्याकडे हा उपाय पिढ्यानपिढ्या चालत आलाय, पण जास्त मीठ पोटात गेलं की रक्तातलं सोडियम वाढून मेंदूवर परिणाम होतो, झटकेही येतात. बादलीभर गार पाणी ओतल्याने माणूस क्षणभर दचकतो, दारू तिथेच असते. वर ओल्या फरशीवर पडणं आणि अंग गारठणं हे दोन नवे त्रास पदरात. चालवत फिरवू नका. थोबाडीत मारू नका. कॉफीने झोप उडते, नशा नाही. हृदयाचे ठोके मात्र वाढतात. लिंबूपाणी, दही, ताक शुद्धीतल्या माणसाने नंतर प्यावं. अर्धवट शुद्धीत असलेल्याच्या तोंडात चमच्याने घातलेलं ताक फुफ्फुसात जातं.

पाणी द्यायचं की नाही याची साधी कसोटी: तो स्वतः उठून बसला आणि ग्लास स्वतःच्या हाताने धरला, तर घोट घोट पिऊ दे. तुम्हाला ग्लास धरावा लागत असेल तर नको.

'डोकं दुखतंय' म्हणाला तरी गोळी नको. दारू भरपूर असताना पॅरासिटामॉलचा भार यकृतावर पडतो, ब्रुफेन-कॉम्बिफ्लॅमचा पोटावर. झोपेची गोळी तर विषच, कारण दारू आणि ती दोघं मिळून श्वास थांबवतात.

झटके आले तर दातात चमचा घालायचा नाही, चप्पल किंवा कांदा हुंगवायचा नाही. आजूबाजूचं टेबल-खुर्ची सरकवा, डोक्याखाली कपडा ठेवा, वेळ बघा, झटका थांबला की कुशीवर. दारू किंवा ड्रग घेतल्यावर आलेला झटका किती सेकंद टिकला हे बघत बसू नका, लगेच फोन करा.

फोन कधी आणि कसा

हलवून जाग येत नाही. श्वास मंद किंवा तुटक. ओठ-नखं निळसर. झटका. बेशुद्धीत उलटी. डोक्याला मार. छातीत दुखतंय. गोळ्या आणि दारू एकत्र. मधुमेहाचं इन्सुलिन चालू आहे. यातलं एकही असेल तर चर्चा बंद, १०८. महाराष्ट्रात आणि गोव्यातही हाच नंबर, रुग्णवाहिका मोफत. लागला नाही तर ११२. शंका असेल तरीही फोन करा. उगाच बोलावलेल्या ॲम्ब्युलन्सची लाज दोन दिवस टिकते.

१०८ चा फोन तुमच्या गल्लीत लागत नाही, राज्यभराच्या केंद्रात लागतो. त्यामुळे "अमृततुल्यच्या मागे" सांगून उपयोग नाही. जिल्हा, शहर, भाग, रस्ता, मोठी खूण, इमारत, मजला, या क्रमाने सांगा. मग: "वय अंदाजे १९, मुलगा, दारू प्यायलाय, हलवून जागा होत नाही, श्वास मिनिटाला सात." एवढ्यात काम होतं. स्पीकरवर ठेवा, ते काय सांगतात ते ऐका. एकाला खाली गेटवर पाठवा, वॉचमनला सांगून गेट आणि लिफ्ट अडवून ठेवा.

श्वास थांबलाच, किंवा नुसते अधूनमधून आचके येत असतील (हे आचके म्हणजे श्वास नव्हे), तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायला लागा, मिनिटाला १०० ते १२०. तोंडाने श्वास देता येत असेल तर ३० दाबांनंतर २ श्वास; नशेत आधी श्वास थांबतो आणि मग हृदय, म्हणून इथे ते श्वास कामाचे ठरतात. येत नसेल तर दाब देत राहा, थकलात की दुसऱ्याने घ्यायचं. रुग्णवाहिका येईपर्यंत.

ॲम्ब्युलन्सला वेळ लागतोय आणि हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे, तर रिक्षा किंवा कॅब. मागच्या सीटवर कुशीवर, डोकं एकाच्या मांडीवर, तोंड बाहेरच्या बाजूला. सीटला टेकवून मान मागे टाकलेली बसवणं म्हणजे घसा बंद करणं. आणि ते एक प्रसिद्ध तंत्र, बाइकवर मित्राला दोघांच्या मध्ये कोंबून ट्रिपल सीट नेणं, ते विसरा. शुद्ध हरपलेल्याचं अंग एका वळणावर तिघांना खाली आणतं. चालवणाऱ्यानेही घेतलेली असते, हे वेगळं सांगायला नको.

दारू नसेल तर

कुठला पदार्थ घेतलाय त्यावरून माणूस मंद होतो किंवा तापतो. तुमचं काम त्यावरून ठरतं.

मंद करणारे: गर्द (म्हणजे हेरॉइन), झोपेच्या आणि 'बटन' म्हणतात त्या नशेच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल. गर्द आणि त्या जातीच्या औषधांत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास मिनिटाला चार-पाचवर येतो, ओठ निळे पडतात. यावर नॅलोक्सोन नावाचं उतारा-औषध आहे आणि ते मिनिटांत काम करतं, पण ते तुमच्या रूमवर नाही, हॉस्पिटलमध्ये आहे. तोवर कुशीवर ठेवणं, जागं ठेवण्याचा प्रयत्न, श्वास थांबला तर तोंडाने श्वास. औषधाने शुद्धीवर आलेला मित्र "मी ठीक आहे, घरी जाऊ" म्हणतो, सोडू नका. नॅलोक्सोनचा असर तासाभरात ओसरतो, गर्दचा टिकून असतो, आणि श्वास पुन्हा मंदावतो.

तापवणारे: मुंबई-पुण्यात सध्या मुख्यतः एमडी. हे मेफेड्रोन. २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, आणि २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातून त्याचा प्रचंड साठा पकडला, तेव्हापासून पालकांनाही हे नाव माहीत झालं. एमडी, एक्स्टसी, कोकेन यांत जबडा आवळलेला, बाहुल्या मोठ्या, घाम, बडबड, संशय, नाडी धडधडती. खरा धोका अंगाच्या तापमानाचा. गर्दीतून आणि गाण्यांच्या दणदणाटातून बाहेर काढा, पंख्याखाली बसवा, ओल्या फडक्याने मान, काखा, कपाळ पुसा. पाणी घोटभरच, लिटरच्या लिटर पाजलं तर रक्तातलं सोडियम कमी होऊन झटके येतात. अंग भाजतंय, घाम थांबलाय, बडबड असंबद्ध झालीय किंवा छातीत दुखतंय, तर हॉस्पिटल. चार जणांनी दाबून पालथं धरू नका. तडफडणाऱ्या, तापलेल्या माणसाला असं धरलं की श्वास कोंडतो.

भांग आणि गांजा: होळीच्या थंडाईत किंवा महाशिवरात्रीच्या प्रसादात भांग घेतली आणि "काहीच होत नाही रे" म्हणून अर्ध्या तासात दुसरा ग्लास लावला, ही नेहमीची गोष्ट. पोटातून जाणारी भांग चढायला एक-दीड तास घेते. मग मित्राला वाटतं आपण मरतोय, हृदय बंद पडतंय. शांत खोली, मंद दिवा, ओळखीचा एकच माणूस, "हे भांगेने होतंय, काही तासांत जाईल" हे पुन्हा पुन्हा, त्याच सुरात. एलएसडीच्या 'पेपर'ची वाईट ट्रिपही बहुधा अशीच सांभाळतात. त्यात फक्त गॅलरी, गच्ची, रस्ता आणि किल्ली यांपासून लांब ठेवायचं.

व्हाइटनर, सोल्युशन, थिनर हुंगणाऱ्याच्या बाबतीत एक उलट नियम: त्याला दचकवू नका, ओरडू नका, मागे धावू नका. या वाफांनी हृदय इतकं हळवं झालेलं असतं की अचानक भीती किंवा धावपळ याने ठोका बिघडून जागीच मृत्यू होऊ शकतो. खिडक्या उघडा, बसवा, हळू बोला.

आणि स्वस्तातली, कुठून आणली हे धड कोणी सांगत नाही अशी दारू. २००४ मध्ये विक्रोळीला आणि २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत माणसं मेली ती मिथेनॉल या विषारी अल्कोहोलने. मालवणीत शंभराहून जास्त. मिथेनॉलचा घात उशिरा होतो. रात्री साधी नशा, आणि बारा-चोवीस तासांनी पोटात कळा, धाप, डोळ्यांपुढे धुकं किंवा पांढरं पांढरं. हँगओव्हरमध्ये नजर जात नाही. असं कोणी म्हणालं तर त्याला आणि त्याच बाटलीतून प्यायलेल्या प्रत्येकाला, बरं वाटत असलं तरी, मोठ्या हॉस्पिटलात न्या. वेळेवर उतारा आणि डायलिसिस मिळालं तर डोळे आणि जीव दोन्ही वाचतात.

मैत्रीण असेल तर

वरचं सगळं तसंच. त्यात भर एवढीच: तिच्याजवळ तिच्या विश्वासाची एक मुलगी सतत असू द्या, आणि "मी सोडतो घरी" म्हणणाऱ्या कमी ओळखीच्या माणसाला नम्रपणे नाही म्हणा. एक-दोन पेगमध्ये कधी नव्हे इतकी चढली, मधला तास आठवतच नाही, असं झालं तर कोणीतरी ग्लासात काही घातलं असण्याची शक्यता धरा. हॉस्पिटलात तसं स्पष्ट सांगा आणि लघवीचा नमुना लवकर घ्यायला सांगा. यातली काही औषधं बारा तासांतच सापडेनाशी होतात. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर कपडे बदलू नका, आंघोळ नको. अशा पीडितेवर तातडीचे उपचार मोफत करणं सरकारी आणि खासगी, दोन्ही हॉस्पिटलांना कायद्याने बंधनकारक आहे. तक्रार करायची की नाही हे ती नंतर, शुद्धीत ठरवेल. तिच्यासाठी तुम्ही ठरवू नका.

गोव्याची ट्रिप

प्यायलेल्या मित्राला समुद्रापासून अडवणं हेही प्रथमोपचारातच धरा. बागा, कळंगुटला सूर्यास्तानंतर जीवरक्षक पाण्यावर नसतात आणि पिणं तर तेव्हाच सुरू होतं. त्याच्यामागे कमरेपाण्यात शिरून हात ओढत बसू नका. आधीच किनाऱ्यापासून लांब बसा, चपला-मोबाइलसह. उत्तर गोव्यात म्हापशाचं जिल्हा रुग्णालय, दक्षिणेत मडगावचं, आणि मोठं काम बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात. ट्रिपच्या पहिल्याच दिवशी आपल्या हॉटेलपासून यातलं जवळचं कोणतं ते बघून ठेवा.

पोलीस, रेक्टर, घरचे

उशीर बहुतेक वेळा या तिघांच्या भीतीने होतो, म्हणून खरं काय ते सांगतो. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, गोव्यात १८. म्हणजे महाराष्ट्रात फर्स्ट इयरच्या खोलीतली जवळपास प्रत्येक बाटली नियमाबाहेर. विषबाधा किंवा मारामारीचा संशय असेल तर कॅज्युअल्टीतले डॉक्टर 'एमएलसी' करतात, म्हणजे पोलिसांना कळवून नोंद. पोलीस येऊन नावं, वेळ, काय घेतलं ते विचारू शकतात. मदत करणाऱ्याला चौकशीपासून संरक्षण देणारी २०१९ ची तरतूद मोटार वाहन कायद्यातली आहे, रस्ते अपघातांपुरती; दारूच्या केसमध्ये तिचा हवाला देऊ नका. अमली पदार्थांच्या कायद्यात सेवन हाही गुन्हा आहे, पण व्यसनाधीन माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर खटल्यापासून सूट देणारं ६४अ हे कलमही त्याच कायद्यात आहे.

आता दुसरी बाजू. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्या परमानंद कटारा निकालापासून कोणतंही हॉस्पिटल, सरकारी वा खासगी, "आधी पोलीस, मग उपचार" असं म्हणू शकत नाही. म्हटलं तर हा निकाल शांतपणे सांगा. आणि तराजू स्वच्छ आहे: वेळेत नेलं तर एक जबाब, फार तर हॉस्टेलचा दंड. रूमवर दार लावून ठेवलं आणि तो गेला, तर जबाब तुमचाच, पण वेगळ्या कारणासाठी.

रेक्टरना किंवा वॉर्डनना फोन ॲम्ब्युलन्स निघाल्यावर करा. हॉस्टेलची गाडी, ओळखीचे डॉक्टर, रात्रीचं गेट हे सगळं त्यांच्याकडे असतं. सीनियरनी जबरदस्तीने पाजली असेल तर ते रॅगिंग आहे. यूजीसीचा १८००-१८०-५५२२ हा नंबर चोवीस तास चालू असतो. घरी फोन करताना आईला एकदम "तो बेशुद्ध आहे" सांगू नका. "काकू, मी अमुकचा रूममेट. त्याला उलट्या झाल्या म्हणून ससूनला आणलंय, डॉक्टर बघतायत, मी सोबत आहे." तपशील बाबा किंवा मोठा भाऊ आल्यावर.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर केसपेपर एकाने काढायचा, दुसऱ्याने सिस्टरांना सांगायचं: काय घेतलं, किती, किती वाजता, उलटी किती वेळा, पडला का, आधीचा आजार, चालू गोळ्या. पिशवीतल्या स्ट्रिपा त्यांच्या हातात द्या. खोटं सांगू नका. "काही खाल्लं असेल बाहेर" यावर डॉक्टर अर्धा तास भलतीकडे शोधत बसतात.

दुसरा दिवस

उठल्यावर पाणी, मऊ भात, पेज, केळं. हात थरथरणं, सतत उलटी, रक्ताची उलटी, काळी शी, अंधुक नजर यांतलं काही असेल तर पुन्हा डॉक्टर. गाडी दुपारपर्यंत चालवू देऊ नका. पहाटे चारपर्यंत प्यायलेला माणूस सकाळी नऊला अजून नशेतच असतो.

रात्रीचं बोलणं दुपारनंतर, दोघंच असताना काढा. काय झालं ते सांगा: "तुझे श्वास मिनिटाला आठ होते, मी चार वाजेपर्यंत मोजत बसलो होतो." त्याचा काय अर्थ लावायचा ते त्याच्यावर सोडा. व्हिडिओ काढला असेल तर त्याच्यासमोर डिलीट करायला लावा, ग्रुपवर गेला असेल तर तिथूनही.

एकदाच झालं असेल तर एवढं पुरे. पण दर आठवड्याला तुम्हीच पहारा देत असाल, किंवा तो सकाळी उठल्याबरोबर घेत असेल, तर काम तुमच्या हाताबाहेरचं आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानसचा १४४१६, दोन्ही मोफत. तुम्ही स्वतः फोन करून मित्राबद्दल विचारू शकता. पुण्यात अनिल आणि अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे, तिथे कुटुंबीयांशीही बोलतात. आणि रोज भरपूर पिणाऱ्याला "आजपासून एक थेंब नाही" अशी शपथ घालून खोलीत कोंडू नका. अचानक बंद केल्यावर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम आणि ताप. सोडायची तर डॉक्टरांच्या औषधाखाली, आणि तसं ते त्याला आधीच सांगून ठेवा.